अक्काच्या आवाजामागं जालन्याला

मी सांगते, नात प्रिया टाइप करते. मला अक्षर येत न्हाई, म्हणून चूक दिसली तर तिची.

केदारखेड्याहून जालन्याला निघालो ते तिच्या मोबाइलमुळं. माझी थोरली बहीण अक्का जलशात गायची. त्यांच्या पार्टीची एकच रेकॉर्ड निघाल्ती, जयंतीच्या गाण्याची, कोरसमध्ये अक्का. तिला जाऊन बारा वर्षं झाली. प्रियानं ते गाणं दोन मिनिटांत डाउनलोड केलं. शब्द तेच, गाणारे नवे.

"आजी, गाणं तर तेच आहे ना!"

"मंग तुझ्या लग्नात दुसरीलाच उभी करू. साडी तीच राहील."

एसटीत म्हाताऱ्यांना तिकीट न्हाई, प्रियाला अर्धं. पण राजूरपर्यंत उभं. जागा मिळाली तवर माझे गुडघे आधीच उतरून गेल्ते. जाणाऱ्यांनी सकाळची पहिली गाडी धरावी. जालन्यात स्टँडबाहेर गरम भजे खा. वीस रुपये, मिरची फुकट.

अक्काची रेकॉर्ड आमच्या गावच्या स्पीकरवाल्याकडं होती. त्याच्या पोरांनी सगळ्या रेकॉर्डी जुन्या जालन्यातल्या एका भंगारवाल्या चाचाला विकल्या होत्या. तीन पोती. प्रिया एकेक नाव वाचत बसली. निम्मे कागद उंदरांनी खाल्लेले.

"वाचू नको, निळा टिपका बघ," मी म्हटलं. स्पीकरवाला माझ्यासारखाच अंगठेबहाद्दर. हळदीच्या गाण्याला पिवळा टिपका, जयंतीच्या गाण्याला निळा.

निळ्या सात निघाल्या. चाचा एकेक लावत गेला. मी पोत्याला टेकून, कमरेत जीव न्हाई. सहाव्या तव्यावर अक्का आली.

"यहीच क्या, अम्मा?"

"हौ. यहीच."

"थांबा, पुन्हा लावा! मोबाइलमध्ये भरून घेते," प्रिया म्हणली.

दोनशे सांगितले, दीडशेला दिली. येताना बस मिळाली, बसायलाही मिळालं.

आमच्याकडं मशीन न्हाई, म्हणून रेकॉर्ड खुंटीला टांगली. दुसऱ्या सकाळी चहासंगं मोबाइल लावला. गाणं सुरू झालं. कोरस उठला, अन् अक्काच्या जागी मीच, मोठ्यांदा, बेसूर! चाचाकडं मी गाऊन राह्यल्ते हे माझं मलाच कळलं नव्हतं. खाली अक्का आहे. पण मी तिला वर येऊच देत न्हाई.

लहानपणी तालमीत असंच व्हायचं. मी मधेच गायचे, अन् अक्का दंडाला चिमटा काढायची.

प्रिया म्हणते, रेकॉर्ड घेऊन परत चाचाकडं जाऊ, फक्त या वेळी गप बस. तो चिमटा असता तर बसले असते.