नाइटवाली

माझ्या आईच्या मते ती पोरगी आमच्याच खात्यातली होती.

पुस्तक हिंदीत होतं, कुठल्या तरी परदेशी कादंबरीमालेचा अनुवाद. नुकतीच मोठी झालेली एक मुलगी, अंगात चिलखत, कमरेला तलवार, आणि तिच्या राज्यावर लढाई कोसळलेली. अनुवाद करणाऱ्याला बाकी सगळ्यासाठी भारी भारी शब्द सापडले होते. घोड्याला अश्व, तलवारीला खड्ग, साध्या भाकरीलाही त्याने सोडलं नव्हतं. पण त्या मुलीच्या हुद्द्यापाशी त्याने हात टेकले आणि सरळ 'नाइट' छापून मोकळा झाला. "नाइट म्हंजे?" आईने पहिल्याच दिवशी विचारलं. मी समजावून सांगायला तोंड उघडते तोवर तिचं तिनेच ठरवून टाकलं. "हौ, समजलं. नाइटवाली हाय. रातपाळी लावली पोरीले."

आई रेल्वेच्या फाटकावर होती. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी तिला ही नोकरी लागली. गाडी येणार असली की स्टेशनावरून फोन यायचा, आई गाडीचा नंबर घ्यायची, म्हणजे गाडी जाईपर्यंत फाटक उघडणार नाही असा शब्द द्यायची, मग फाटकाचा दांडा खाली, हातात झेंडी, गाडी गेली की दांडा वर. त्यात तिला नाइट फार यायची. सकाळी ती घरी येई, आंघोळ करी, रात्रीचा भात फोडणी देऊन खाई आणि चटईवर आडवी होई. उजेड नको म्हणून खिडकीवर तिची निळी साडी टांगलेली असे. त्या साडीतून ऊन आत आलं की आमची खोली पाण्याखाली बुडाल्यासारखी निळी व्हायची. मी तिच्या उशाशी बसून वाचायची.

वाचायची म्हणजे हिंदीतलं आमच्या बोलीत करून सांगायची. तशी आईची हिंदी माझ्यापेक्षा फाकडी. बाजारात, फाटकावर, शेजारीपाजारी, बालाघाटात दिवसभर हिंदीच. पण झोपताना तिला हिंदी चालत नसे. "हिंदी आयकलं का मले वाटते ठेसनावरून फोन आला," ती म्हणायची. "आपल्या बोलीत सांग, म्हंजे डोया लागते."

डोळा लगेच लागायचा नाही. झोप आणि जाग यांच्या मधे एक पट्टा असतो, तिथे ती बराच वेळ रेंगाळायची, आणि खरं सांगायचं तर मला तीच आई सगळ्यात जास्त आवडायची. तिथे तिला किल्ला आणि फाटक वेगळे दिसत नसत. मी घोडेस्वारांची रांग वाचत असले की ती डोळे मिटूनच विचारी, "सगळे निंगाले काय? मागं कोनी राह्यलं त नाही?" एकदा मी अगदी रंगात येऊन शत्रूच्या मशाली डोंगर उतरताना दाखवत होते, तर बाईसाहेब पुटपुटल्या, "लाल हाय का हिरवी?" मी म्हटलं, मशाल आहे, मशालीला कसला आलाय रंग? "मंग थांबव," ती म्हणाली आणि घोरायला लागली. मलाही पेंग यायची. मग पुस्तकातला घाट मला बैहरच्या घाटासारखा दिसू लागे, सागाची पानं घोड्यांच्या टापांखाली कुरकुरत, आणि किल्ल्याच्या दाराशी सैनिकांच्या मागे दूधवाला, एक टेम्पो आणि स्कूटीवर पोर घेऊन बसलेली बाई निमूट उभी असत.

पुस्तकं आमच्या मोहल्ल्यातल्या विहाराच्या वाचनालयातली. वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट आणि त्याची किल्ली सांभाळणारे म्हातारे गुरुजी. मालेचे एकूण चार भाग होते. त्यातले तीन कपाटात होते. चौथा कुणीतरी परसवाड्याला नेला होता, आणि गुरुजी रोज म्हणायचे की उद्या येतो.

मला त्या मुलीचं वेड लागलं होतं. मला लढाई हवी होती. पण लढाई सुरू झाली आणि थोरले सगळे सीमेवर गेले, आणि तिला काय दिलं? नदीच्या उताराजवळचा एक पडका किल्ला आणि त्याचं दार. गावोगावची माणसं जीव मुठीत धरून आत लपलेली. हुकूम एवढाच, की संध्याकाळचा नगारा झाला की दार बंद, आणि सकाळचा नगारा होईपर्यंत उघडायचं नाही, मग बाहेर कुणी का येईना. मुलगी चिडली, रडली, मीही तिच्याबरोबर चिडले. तलवार काय दाराला खुंटी म्हणून लावायला दिली होती? आईला मात्र काहीच गैर वाटलं नाही. "गेटच भेटलं ना तिले," ती समाधानाने म्हणाली. "मंग तेच त करा लागते. रिलीवर कोन हाय तिचा?" रिलीवर म्हणजे पाळी संपल्यावर आपल्याला सोडवायला येणारा. मी सांगितलं, तिला रिलीवर नाही. त्यावर आईची झोपच उडाली. "असं कसं? रिलीवर नाही देल्ला?" त्या राजाला तिने उशीवरूनच चार शिव्या घातल्या.

तिसरा भाग अशा जागी संपला की माझी झोप उडाली. नगारा होऊन गेलाय. दार बंद. चांदण्यातून कुणीतरी धावत येतं आणि खालून नाइटला हाक मारतं. तिची सख्खी धाकटी बहीण. दूर नदीपलीकडे शत्रूच्या घोड्यांची धूळ उठलेली. पान उलटलं तर पुठ्ठा.

"उघडते," मी म्हटलं. "सख्खी बहीण आहे."

"नाही उघडत," आई म्हणाली.

"अगं, धूळ लांब आहे अजून. एक माणूस आत यायला कितीसा वेळ लागतो?"

"सगळे हेच म्हनतात," आई म्हणाली आणि कूस बदलली.

त्याच हिवाळ्यात मी वनरक्षकाच्या यादीत आले. अंगावर खाकी, हाताखाली जंगल, माझ्या नावावर एक बीट, म्हणजे राखायला जंगलाचा माझा स्वतःचा तुकडा. मला वाटलं, आपणही नाइट झालो. कागद तपासून घ्यायला बैहरच्या ऑफिसात जायचं होतं, आणि तो शेवटचा दिवस होता. नाही गेलं तर यादीतल्या मागच्या माणसाला जागा. आई आदल्या संध्याकाळी ड्यूटीवर जाताना म्हणाली, "सकाळची बस चुकवू नको माय. मागची बस घाटात रांगत जाते."

सकाळी धुकं होतं. ऑटोने फाटकाशी आले तर दांडा खाली. पलीकडे, वीस-पंचवीस पावलांवर, बैहरची बस उभी होती आणि कंडक्टर दार थोपटत होता. रुळांवर काही नव्हतं. आवाजही नव्हता. अशा वेळी आमच्याकडे सगळे जे करतात तेच मी केलं. ऑटोतून उतरले, फाईल छातीशी धरली आणि दांड्याखालून वाकले.

"थांबा."

आई होती. डोक्याला मफलर, हातात झेंडी, रुळांच्या कडेला. मी वाकलेलीच राहिले. पहिल्यांदा वाटलं, माझ्या मागे कुणी आहे, त्याला म्हणते आहे. माझी आई मला 'थांबा' म्हणणार? जन्मापासून मी तिचं 'थांब' ऐकत आले होते. थांब, स्वयंपाक होऊ दे. थांब, कुठे चालली उन्हात. थांब वं, आयक. त्यातलं एकही मी कधी ऐकलं नाही, ऐकायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. पण हे थांब नव्हतं.

"आई, बस जाऊन राह्यली," मी म्हटलं.

"गाडीचा नंबर घेतला हाय. थांबा थोडसं," ती म्हणाली. अगदी तशीच, जशी ती टेम्पोवाल्याला म्हणते. माझ्याकडे बघत होती आणि मी कोण आहे ते तिच्या डोळ्यांत कुठेच नव्हतं.

मी मागे सरकले. का सरकले, ते तेव्हा मला कळलं नाही. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी आरामात पलीकडे गेले असते, हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. शेवटी धुक्यातून मँगनीजची मालगाडी आली, डब्यामागून डबा, संपता संपेना, आणि प्रत्येक दोन डब्यांच्या फटीतून मला बसचा थोडाथोडा भाग दिसत होता. मग एका फटीतून बस दिसलीच नाही.

मागची बस घाटात रांगत गेली. मी पोहोचले तेव्हा ऑफिसची खिडकी बंद झाली होती. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि तो माझ्याच आईने झेंडी दाखवून घालवला. मला राग आला म्हणणं फार कमी आहे. मला ती परकी झाली. ओरडली असती, हाताला धरून ओढलं असतं, 'मर जा' म्हणाली असती, तरी मी समजून घेतलं असतं. पण 'थांबा'? जणू मी रस्त्यावरची कुणी बाई.

त्यानंतर आमच्या घरात दोन माणसं आणि एक शब्द नाही, असे दिवस गेले. ती सकाळी यायची, भाताला फोडणी द्यायची, माझ्यासाठी झाकून ठेवायची, निळी साडी टांगायची. मी बाहेर ओट्यावर बसायची. पोटाला लागतं म्हणून एका ट्यूशन क्लासमध्ये छोट्या मुलांना शिकवायला लागले. कधी दुपारी झोपले की स्वप्नात दांडा खाली यायचा, आणि पलीकडे बस नाही, किल्ला असायचा, आणि दारातली ती मुलगी मला ओळखायची नाही.

आई झोपत नसे. हे मला ओट्यावरूनही कळायचं. कुशीवरून कुशीवर होणं ऐकू यायचं.

उन्हाळा लागताना एकदा वाटेत गुरुजींनी मला हाक मारली आणि चौथा भाग हातात ठेवला. परसवाड्याहून आला होता, पाठीवर कुणाच्या तरी चहाचा डाग घेऊन. मी तो घरी आणला आणि एकटीच वाचायला ओट्यावर बसले. पहिलं पान उघडलं, आणि काय सांगू, मला एकटीला वाचताच येईना. ती हिंदी ती हिंदीच राहिली. पात्रं तोंड उघडेनात. चिडून मी उठले, आत गेले आणि आईच्या उशाशी बसले. तिने डोळे उघडले नाहीत. फक्त थोडी भिंतीकडे सरकली, मला जागा व्हावी म्हणून.

खोली निळी होती. मी वाचायला लागले. बहीण खाली उभी आहे, दारावर मुठी आपटते आहे. नाइट बुरुजावरून वाकते. तिचा हात आगळीवर जातो. धूळ अजून लांब आहे, पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलं होतं. आत किती म्हातारी माणसं, किती लेकुरवाळ्या झोपल्या आहेत, तेही लिहिलं होतं. मग ती खाली बघून बोलते.

छापलेलं होतं, 'रुकिए।'

मी अडले. सख्ख्या बहिणीला 'रुकिए'. मला ते 'थांब' करता आलं असतं. आईला काय कळणार होतं? पण जीभ वळेना. "नाइट म्हनते," मी म्हटलं, "थांबा."

आईने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, वर कौलांकडे बघितलं.

"भैनीले 'थांबा' म्हनली थे?"

"हौ."

"उघडलं नाही ना मंग?"

"नाही." मी पुढचं पान चाळलं. "रातभर दाराले पाठ लावून बसली. एकीकून हे, दुसरीकून थे."

आईने डोळे मिटले. मला वाटलं, झोप-जागेच्या त्या पट्ट्यात गेली असेल, आता काहीतरी लाल-हिरवं बोलेल. पण तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी उतरून कानाकडे चाललं होतं आणि ते पुसायला तिने हात उचलला नाही.

"बरं केलं 'थांबा' म्हनली," ती म्हणाली. "'थांब' म्हनली असती, त मंग उघडाच लागलं असतं."