गाळ कुठे गेला

“तेल कुठून निघालं ते सगळे सांगतात, इरा, गाळ कुठे टाकला ते विचार,” काशिनाथ एकदा मुलीला म्हणाले होते.

इरावती तेव्हा नुसती हसली होती. ती सातासमुद्रापार, न्यू प्लिमथच्या हॉस्पिटलात डॉक्टर. वडील मुंबईतल्या एका रिफायनरीच्या लॅबमधून चौतीस वर्षांनी रिटायर झालेले आणि ब्याण्णवच्या डिसेंबरात सहा महिन्यांसाठी आलेले. ते नातीला गोष्टी सांगतील, दुपारी पडतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात लायब्ररी गाठली. डोंगराखाली गाई चरताहेत आणि कुरणापलीकडे गॅसची ज्योत जळते आहे, हे त्यांना काही केल्या पचेना. सव्वाशे वर्षांपूर्वी इथं तेल लागलं. आता ते गाळायला जहाजानं उत्तरेला जातं, ठीक. पण त्याआधी गाळत कुठे होते? कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, ब्रेड आणायला गेले तरी दुकानदाराला हेच विचारायचे.

शेवटी त्या दुकानदारानंच कंटाळून त्यांना मॅव्हिसचा पत्ता दिला. बाहत्तर वर्षांची विधवा, अर्ध्या तासावरच्या गोठेवाल्या शेतकऱ्यांच्या गावात एकटी राहणारी. तिचा नवरा लेन तिथल्या छोट्या रिफायनरीत कामाला होता. रिफायनरी कधीच बंद पडली, पत्रे भंगारात गेले, लेनही गेला. इरावती दर शनिवारी वडिलांना तिथं सोडायची आणि सोडता सोडता त्या घराच्याच प्रेमात पडली. मॅव्हिसला ते विकून पामर्स्टन नॉर्थला लेकीजवळ जायचं होतं. मागचं लांबलचक लॉन पाहून इरावतीच्या सात वर्षांच्या लेकीनं, ऋग्वेदानं, तर आपला झोपाळा कुठे टांगायचा तेही ठरवून टाकलं.

“तीन शेड, एक चिमणी, चौदा माणसं,” मॅव्हिस सांगायची. “रॉकेल निघायचं ते पिवळं. त्याला असा वास, की गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं.”

“मग ॲसिडनं धूत असतील,” काशिनाथ म्हणाले.

“तुला कसं ठाऊक, कॅश?” काशिनाथचं तिनं कॅश करून टाकलं होतं.

“पिवळं म्हणालीस ना. आणि धुतल्यावर तळाशी काळं उरायचं, ते?”

“ते फुकट! शुक्रवारी सुट्टी झाली की ज्याला हवा त्यानं ड्रम न्यायचा. कोणी वाटेवर ओतायचं, कोणी गोठ्यासमोर. लेननं मागचा अख्खा खड्डा त्यानंच भरला. वर माती, वर गवत. गावात असं सपाट लॉन दुसऱ्या कोणाकडे नाही हं!”

काशिनाथांनी वहीत ‘शुक्रवार, ड्रम’ एवढं लिहिलं. मग खिडकीतून त्या सपाट लॉनकडे पाहिलं.

करारावर सह्या व्हायच्या त्या शनिवारी फेब्रुवारीचं, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याचं, कडक ऊन होतं. इरावती मागे गेली, तर वडील टोमॅटोच्या वाफ्यातली काठी लॉनमध्ये खुपसून उकिडवे बसलेले. काठीच्या टोकाला काळं, चिकट काहीतरी लोंबत होतं. त्यांनी ते नाकाजवळ नेलं.

“बाबा, हे काय?”

“तेच, ड्रममधलं. उन्हानं वर येतंय. अजून ॲसिडचा आंबट वास आहे बघ. कातडीला लागलं तर भाजेल. इथं पोरीला खेळवायचं नाही, इरा. घर घेऊ नकोस.”

“हे घातक आहे, ते मॅव्हिसला माहीत आहे?”

“छे. तिच्या लेखी नवऱ्यानं हौसेनं लॉन केलं.” ते गवतावर काठी पुसत राहिले. “आम्हीही ओततच होतो गं. खाडीकाठी खड्डे होते. किती ड्रम गेले त्या कागदावर माझी सही असायची. पुढे तिथं वस्ती झाली.”

हे त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. इरावती घरात वळली.

आत टेबलावर स्कोन, चहा आणि कराराचे कागद मांडलेले होते. इरावतीनं आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. जमीन तपासून घ्यावी लागेल, आपण सही करणार नाही, हेही सांगितलं. मॅव्हिसनं मागच्या खिडकीतून लॉनकडे पाहिलं.

“म्हणजे हे आता कोणीच घेणार नाही,” ती म्हणाली. “आणि मी लेकीला खोली रिकामी करायला लावली.”

मग ती काशिनाथांकडे वळली.

“कॅश, तू यातलाच माणूस. खरं सांग, लेनला कळायला हवं होतं का?”

काशिनाथांनी कप बशीत ठेवला. इरावती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, उठले, दाराशी काढलेल्या रबरी चपला पायांत घातल्या आणि बाहेर पडले.