साडूभाऊंचा कोरडा पोशाख

माझ्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं, तरी त्यांनी मान डोलावून "जिल्ह्याबाहेरही चौकशी करा" असंच सांगितलं असतं. एस.टी.त चढण्याआधी ते गाडीभोवती एक चक्कर मारत, टायर दाबून पाहत आणि ड्रायव्हरला विचारत, "झोप झाली का बरी?" एकदा कर्जतच्या स्टँडवर एका ड्रायव्हरनं थट्टेनं "न्हाई झाली" म्हटलं, तर हे अक्कांना घेऊन खाली उतरले आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत दुपारभर उन्हात बसून राहिले. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. साडूभाऊ शिडी चढत नसत. दूध तीनदा हुंगल्याशिवाय पीत नसत. विहिरीच्या काठाशी कुणी उभं दिसलं की लांबूनच ओरडत, "मागं सरा, मागं सरा!"

आणि हा माणूस नेव्हीत पंधरा वर्षं पाणबुड्या होता. पेन्शन घेऊन गावी आला तो पाठीवरची हवेची टाकी घेऊनच. विहिरीत इंजिनाचा पाइप अडकला, तलावाच्या तळाशी काही रुतलं, की लोक त्यांना बोलवायला येत. मी एकदा विचारलं, "तुम्हाला पाण्याची भीती वाटत नाही?" ते दचकलेच. म्हणाले, "वाटती म्हनून तर सगळं दोनदा तपासतो, मास्तर. माझ्याबरोबरच्या दोघांना वाटत नव्हती. ते वर आलेच न्हाईत."

बहात्तरच्या दुष्काळातल्या हिवाळ्याची गोष्ट. आदल्याच वर्षी साडूभाऊंना न्यूमोनिया झाला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, छातीला गार पाणी लागू द्यायचं नाही. अशात त्यांच्या भागातल्या तलावाच्या मोरीचं, म्हणजे बांधाखालून पाणी सोडायच्या वाटेचं, दार अडकलं. उरलंसुरलं पाणी तळाशी होतं. ते मोरीतून खालच्या गावांना प्यायला सोडायचं, तर दारासमोरच्या दगडी खड्ड्यात बाभळीचा ओंडका उलटा रुतून बसलेला. पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर साहेब स्वतः घरी आले. साडूभाऊंनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मुंबईला जुन्या दोस्ताला पत्र टाकलं. जहाजांवरचं मोडीत निघालेलं सामान घ्यायचा त्याचा धंदा होता. त्यानं एका ट्रंकेत दोन रबरी पोशाख पाठवले. ते अंगात घातले की गळ्यापासून पायापर्यंत पाणी शिरू नये, आतला माणूस कोरडा राहावा, अशी त्यांची रचना. सोबत चिठ्ठी : एक ठेव, एक परत पाठव.

ट्रंक घेऊन नवराबायको नगरला आमच्याकडे आले. एकट्यानं निवडायची साडूभाऊंची छाती नव्हती. एक पोशाख जाड, हिरवा, ऐसपैस. आत दोन स्वेटर सहज मावावेत. दुसरा काळा, पातळ, अंगाला चिकटणारा. आत एक बंडी गेली तरी पुष्कळ. आता ते पारखायचे कुठे? सगळ्या विहिरींचे तळ उघडे, आमचा हौद कोरडा. शेवटी परीक्षा माजघरात झाली. सायकलच्या पंपानं पोशाख फुगवायचे, वर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे कुठं येतात ते बघायचं. माझ्या बायकोनं त्यासाठी जेमतेम फुलपात्रभर पाणी दिलं आणि तेही डोळे वटारून. हिरव्यातून एकही बुडबुडा आला नाही. काळ्याच्या मनगटापाशी मात्र बारीक फेस धरला. मग आम्ही कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी ठिगळ लावून दिलं. "टिकेल ना?" हे साडूभाऊंनी इतक्या वेळा विचारलं की चाचा म्हणाले, "माझं ठिगळ टिकेल, भाऊ. बाकीच्या रबराचं मला विचारू नका."

अक्कांचा कौल हिरव्याला. "छाती उबदार राहील," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत. साडूभाऊंनी हिरवा घातला, खाटेवर आडवे झाले आणि कमरेपासून वरचं अंग कडेवरून खाली लोंबकळत सोडलं. आतली सगळी हवा सुर्र करून पायांकडे धावली आणि पोशाखाला जोडलेले बूट भोपळ्यांसारखे टम्म फुगले. मला हसू फुटलं. साडूभाऊ हसले नाहीत. तसेच उलटे पडून, लालबुंद तोंडानं भिंतीकडे बघत म्हणाले, "मास्तर, त्या खड्ड्यात मला डोकं खाली घालूनच जायचंय. तिथं असं झालं, तर सरळ होता यायचं न्हाई."

काळ्याची अडचण गळ्याशी होती. "पट्टी आवळली तर जीव घाबरा हुतोय, सैल सोडली तर पानी शिरंल." दोन दिवस ते एक काढत, दुसरा घालत. तिसऱ्या दिवशी सकाळी काळ्याची घडी करून पिशवीत ठेवली. अक्का चुलीसमोर बसून होत्या. "आन् छाती?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"गारठलो तर आजारी पडंन," साडूभाऊ म्हणाले, आणि हिरव्याचे बूट दुमडून तो परत ट्रंकेत घातला. अक्कांनी उठून माझा नवा लोकरीचा स्वेटर मागून घेतला. आत मावण्याजोगा पातळ तेवढाच होता.

मीही त्यांच्याबरोबर गेलो. तलावावर सगळा गाव काठाला बसला होता, पण आवाज नव्हता. साडूभाऊंनी टाकी, नळी, पट्टी सगळं दोनदा तपासलं आणि कमरेची दोरी माझ्या हातात दिली. "एक झटका म्हंजे ठीक. लागोपाठ झटके बसले तर काही इचारू नका, ओढा." दुसरी दोरी ओंडक्याला बांधायला घेऊन ते गढूळ पाण्यात दिसेनासे झाले. थोड्या वेळानं एक झटका आला, मग आणखी एक. मग काहीच नाही. दोरी हातात मेल्यासारखी पडून होती. ओढावं तर काम मोडेल, न ओढावं तर? मी अक्कांकडे पाहिलं. त्या पाण्याकडे बघत नव्हत्या, माझ्या हातांकडे बघत होत्या. माझे तळवे घामानं चिंब झाले होते आणि दोरी निसटेल या धास्तीनं मी ती मनगटाला गुंडाळली. तेवढ्यात लागोपाठ झटके बसले. मी ओरडलो, चौघांनी हात लावला, आणि साडूभाऊ वर आले.

गळपट्टीतून पाणी शिरून ते कमरेपर्यंत भिजले होते. ओठ निळे, दात कडकड वाजत होते. तरी त्यांनी आधी बोटानं दुसरी दोरी दाखवली. ती बांधलेली होती. गाव तिला लोंबकळला, ओंडका निघाला, दार चढलं आणि मोरीतून पाणी धडधडत बाहेर पडलं. काठावर आरडाओरडा सुरू झाला. साडूभाऊ घोंगडीत कुडकुडत मला म्हणाले, "मास्तर, स्वेटर भिजला हो तुमचा."

महिनाभर ते खोकत पडले होते. बरे झाले, पण पाण्यात उतरणं डॉक्टरांनी कायमचं बंद केलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते ओसरीवर उन्हात बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांगा, त्या दिवशी दोरी धरताना तुमाला भ्या वाटलं?"

"फार," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मी तसा तो कधीच पाहिला नव्हता. सरकून त्यांनी मला आपल्या घोंगडीवर जागा करून दिली. म्हणाले, "बरं झालं सांगितलं. इतकी वर्सं मला वाटायचं, मी एकटाच."