मधुमतीबाईंची बहात्तर तासांची बंदूक

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फक्त धुकं आहे. वॉटफर्डच्या बाहेर, मोटरवेच्या पलीकडच्या एका शेतातलं, ऑक्टोबरमधल्या शनिवार सकाळचं धुकं. मग एकेक वस्तू उजेडात येते. डावीकडे लाकडी शेड आणि चहाची खिडकी. मधोमध उंच लोखंडी मनोरा. उजवीकडे ओळीनं पाच पिंजरे, एकेका माणसाला बंदूक घेऊन उभं राहता येईल एवढेच. झाडीमागे यंत्र खटकन वाजतं, बशीएवढी केशरी तबकडी आभाळात भिरकावली जाते, कुणीतरी बार काढतं आणि तबकडीचा भुगा होतो. आणि या सगळ्यातून, पायांत हिरवे गमबूट, खांद्याला लांबोडकी पिशवी, अशी तरातरा चालत येते आपली नायिका. उंची जेमतेम पाच फूट, वय सहासष्ट, नाव मधुमती कारखानीस.

तिच्या मागे चार पावलांवर तिचे यजमान रघुवीरराव. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची, काखेत वही. लंडनच्या भुयारी रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करण्यात या माणसाची पस्तीस वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतरची बायकोचा स्कोअर लिहिण्यात चालली होती.

"मधू, जरा हळू! बंदूक पळून जाणार नाही."

"अहो, जाणारच आहे. दोन वाजता."

ते अगदी खरं होतं. पिशवीतली बंदूक तिची नव्हती. ती होती अंशुमनची. अंशुमन हा क्लबातला तिचा मित्र, एजवेअरला जन्मलेला, बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरची नोकरी करणारा. इथल्या कायद्यानं एका परवानेवाल्याला दुसऱ्याची बंदूक बहात्तर तासांपुरती उसनी घेता येते, त्यापुढे पोलिसांना कळवावं लागतं. बुधवारी दुपारी दोनला अंशुमननं ती तिच्या हातात दिली होती. आज दोनला तो ती विकणार होता. तिला, नाहीतर केंब्रिजहून येणाऱ्या एका गिऱ्हाइकाला.

ही नुसती खरेदी असती तर मधुमतीबाई इतक्या भल्या सकाळी अंघोळ करून तयार झाल्या नसत्या. गोष्ट खांद्याची होती. वसंतात उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीवाल्या पोरीनं गोड हसून सांगितलं होतं, की बंदुकीचा दणका निम्म्यावर आणा, नाहीतर बंदूक सोडा. बाईंची वीस वर्षांची सोबतीण म्हणजे एकावर एक नळ्यांची दुनळी. देखणी, विश्वासू, पण लाथ मारणारी. महिनाभरापूर्वी तिच्यातून दहा बार काढले आणि बाईंना दोन दिवस वेणी घालता आली नाही. क्लबच्या बायकांच्या टीममधली जागा त्यांच्यासाठी शनिवार संध्याकाळपर्यंत राखून ठेवली होती. तेव्हा हिशेब सरळ होता. अंशुमनची ही हलक्या दणक्याची, पुढचं काडतूस आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक जमली तर खेळ चालू. नाही जमली तर आज शेवटचा प्रयोग.

आणि खेळ म्हणजे काय, तो तर बाईंचा जीव होता. वॉटफर्डच्या एका शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं सायन्सच्या लॅबमध्ये नोकरी केली. शिकवायच्या त्या शिक्षिका वेगळ्या. बाई काचेच्या नळ्या धुवायच्या, ॲसिडं मोजून ठेवायच्या, फुटलेली बीकरं निमूट गोळा करायच्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी एका सहकारिणीच्या वाढदिवसाला सगळ्या बायका गंमत म्हणून या शेतावर आल्या. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत रायफल धरली होती, तेवढ्याच भांडवलावर बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. पहिल्या चार तबकड्या आपल्या वाटेनं गेल्या. पाचवी फुटली. वर्षानुवर्षं फुटलेलं गोळा करणाऱ्या बाईला स्वतःच्या हातानं काहीतरी फोडल्याचा जो आनंद झाला, तो काय वर्णावा! घरी येईपर्यंत त्या गाडीत एकट्याच हसत होत्या.

"गुड मॉर्निंग, काकू! काका, चहा आणला ना?" अंशुमन शेडमधून धावत आला. "कशी वाटली माझी बंदूक?"

"घरी फक्त खांद्याला लावून पाहिली रे. दस्ता मला लांब होता, तू दिलेला आखूड पॅड लावला. आता नीट बसते. आज खरी परीक्षा."

परीक्षा म्हणजे लॅबवाल्या बाईची परीक्षा. वहीत आधीच रेघा मारलेल्या होत्या. पाच पिंजरे, प्रत्येकी पाच जोड्या, एकूण पन्नास तबकड्या. एका रकान्यात फुटलेल्या, दुसऱ्यात खांद्याचं दुखणं दहापैकी किती, तिसऱ्यात शेरा.

शेडपाशी चार वयस्कर इंग्रज आपापले कुत्रे घेऊन बसले होते. सगळ्यांच्या मांडीवर दुनळ्या, मधोमध मोडून उघड्या ठेवलेल्या. दुनळीची हीच ऐट. उघडली की लांबूनही दिसतं, आत काही नाही. सेमी-ऑटोचं तसं नाही. तिचा कप्पा उघडा ठेवून त्यात केशरी प्लास्टिकची पट्टी खोचावी लागते, तेव्हा कुठे चारचौघांचा विश्वास बसतो. बाईंच्या हातातली पट्टी पाहून त्यातला एक मिशीवाला मोठ्यानं म्हणाला, "आली बघा जॅमोमॅटिक!" ज्या बंदुकीत काडतूस अडकतं, ती या मंडळींच्या लेखी सगळीच जॅमोमॅटिक.

बाई त्याच्याकडे पाहून गोड हसल्या आणि पहिल्या पिंजऱ्यात शिरल्या.

एक काडतूस कप्प्यात, एक खाली मॅगझिनमध्ये. दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला. खोल श्वास, मग तबकडी सोडायची हाक.

"पुल!"

तबकडी उडाली. बार. भुगा! दुसरी उडाली. बार. भुगा!

बाई तशाच उभ्या राहिल्या. दणक्याची वाट पाहत. लाथ आलीच नाही! कुणीतरी उशी खांद्यावर ठेवून हलकेच दाबावी, एवढंच.

"अहो!" त्या ओरडल्या, "अहो, ही नुसती ढकलते!"

"दॅट्स द गॅस, काकू," अंशुमनचा चेहरा उजळला. "बारमधला थोडा वायू मागे वळतो आणि आतला दट्ट्या ढकलतो. नवीन काडतूस तोच वर आणतो. त्यात अर्धा धक्का संपून जाते."

दहापैकी नऊ. खांदा, दहापैकी एक. दुसऱ्या पिंजऱ्यात आठ, खांदा तसाच. बाईंच्या पायांत तर जणू विशीतली पोर शिरली. तक्रार आली ती रघुवीररावांकडून. दुनळीची रिकामी काडतुसं हातानं काढून डब्यात टाकता येत. ही मात्र प्रत्येक बारागणिक उजवीकडे सहा फुटांवर फेकत होती आणि वेचायचं काम स्कोअररकडे.

"तुझा खांदा वाचला, मधू, पण माझी कंबर गेली."

"शेरा लिहा. कंबर, दहापैकी किती?"

"अकरा!"

बाई मनातल्या मनात पुढचा हिवाळा सजवू लागल्या. बेसिंगस्टोकजवळच्या शेतकऱ्याच्या रानात, पिकावर उतरणारी कबुतरं मारायला दर जानेवारीत त्या अंशुमनबरोबर जात. चार तास गवताच्या आडोशाला बसायचं तर अशी हलक्या दणक्याची बंदूकच हवी. मोठ्या इस्टेटींवर फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला हिला कुणी उभं करणार नव्हतं. तिथे सगळ्यांना उघडी दुनळीच लागते. पण तिथलं आमंत्रण असंही वीस वर्षांत दोनदाच आलं होतं. तेवढं सोसवलं असतं.

आणि तिसऱ्या पिंजऱ्यात नाटक फिरलं.

पहिली तबकडी फुटली. दुसरीवर बाईंनी चाप ओढला. नुसतं टक्! तबकडी डौलात गवतापलीकडे जाऊन बसली. बाईंनी नळी समोरच ठेवून कप्पा पाहिला. रिकामा. खालचं काडतूस वर आलंच नव्हतं. पुन्हा भरली. पहिला बार ठीक, दुसरा टक्. पुन्हा. पुन्हा तेच.

शेडपाशी कुत्र्यांसकट सगळ्यांच्या माना वळल्या. मिशीवाला नुसता चहा प्याला, आणि ते त्याच्या टोमण्यापेक्षा वाईट होतं.

"काकू, प्रॉमिस, हा गन असं कधीच करत नाही," अंशुमनचे कान लाल झाले. "हंड्रेड पर्सेंट. मी स्वतः क्लीन केला होता, मंगळवारी."

"असू दे रे. तुझा काय दोष?"

बाई पिंजऱ्यातून बाहेर आल्या. पट्टी खोचली. वहीत शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं, दुसरा बार बेभरवशाचा. दुसऱ्या बारावर भरवसा नसला तर जोडी कशी मारणार? टीममध्ये काय तोंडानं उभं राहणार? दुनळी लाथ मारते, ही ऐनवेळी मुकी होते. संपलं. रघुवीररावांनी चहा ओतून पुढे केला. बाईंनी घेतला नाही. तेव्हा त्यांनी कप स्वतःजवळ धरून ठेवला, गार होईपर्यंत.

"अंशुमन," बाई म्हणाल्या, "तुझ्या त्या केंब्रिजवाल्याला..."

आणि थांबल्या.

सव्वीस वर्षं पोरं लॅबमधून धावत बाहेर यायची. मिस, प्रयोग चुकला! मिस, पुस्तकच खोटं आहे! आणि सव्वीस वर्षं बाई एकच प्रश्न विचारायच्या: भांडं धुतलं होतंस का?

"त्याला फोन करू नकोस अजून. आधी ही खोल."

"इथे?"

"इथेच. टेबलावर. स्वच्छ फडक्यावर."

अंशुमननं बंदूक रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं, बाईंनी तिसऱ्यांदा. मग दोन खिळ्या ठोकून बाहेर काढल्या आणि चापाचा सगळा जोड खाली काढला. मिशीवाला आपला कुत्रा घेऊन उठून आला. टेबलाभोवती सगळी डोकी वाकली. काडतूस वर उचलणारी पत्र्याची पट्टी अंशुमननं बोटानं दाबली. ती अर्ध्यावर अडकत होती. त्यानं चिमटा आत घातला, जरा फिरवला आणि काहीतरी बाहेर ओढलं.

फडक्यावर पडला एक तांदळाचा दाणा. तेलात न्हालेला आणि लालभडक.

"व्हॉट इज धिस?" मिशीवाला म्हणाला.

मधुमतीबाईंना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी सावकाश मान वळवली. रघुवीरराव मनोऱ्याकडे पाहत होते. अतिशय मन लावून.

"अहो."

"हं?"

"इकडे बघा. बुधवारी खंडेनवमी होती."

"होती."

"तुम्ही संध्याकाळी पूजा मांडलीत. तुमचे पाने, स्क्रूड्रायव्हर, माझी विळी. आणि मी ही जवळ ठेवली. कप्पा उघडा ठेवून, नेहमीच्या सवयीनं."

"अगं, पण दरवर्षी वाहतो मी अक्षता! वीस वर्षं वाहिल्या. कधी काही झालं?"

"दुनळीवर वाहिल्यात! ती आरपार पोकळ. दाणा एका टोकानं शिरला तर दुसऱ्यानं पडतो. हिला पोट आहे, अहो, पोट! बारागणिक दाणा सरकत सरकत आत जाऊन बसतो! एक चिमूट वाहिलीत की मूठभर?"

रघुवीरराव खाली मान घालून पुटपुटले, "मूठभर. तुझ्या खांद्यासाठी म्हणून."

मग बाई हसू लागल्या. सुरुवातीला खांदा जपत, मग खांद्याची पर्वा न करता. अंशुमन हसला. मिशीवाल्याला त्यानं इंग्रजीतून सगळा अध्याय समजावला, बंदुकीची पूजा, कुंकू, तांदूळ, तेव्हा तो म्हातारा टेबलाला धरून इतका हसला की कुत्रा भुंकू लागला. बाईंनी रघुवीररावांच्या हातातला गार चहा घेतला आणि एका घोटात संपवला.

आत आणखी दोन दाणे निघाले. पुसून, तेल देऊन बंदूक पुन्हा जोडेपर्यंत दुपार झाली. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं. बाई तिसऱ्याच पिंजऱ्यात परत गेल्या. प्रयोग जिथे चुकला, तिथूनच पुन्हा करायचा असतो. सगळी शेड मागे येऊन उभी राहिली.

"पुल!"

बार, भुगा. बार, भुगा! मिशीवाल्यानं टोपी काढली. दुसरी जोडी. तिसरी. तिसऱ्या पिंजऱ्यात दहा, चौथ्यात आठ, पाचव्यात नऊ. एकदाही टक् नाही. खांदा, दहापैकी दोन, आणि त्यातला एक हसण्याचा.

दोनला पाच मिनिटं असताना अंशुमननं केंब्रिजवाल्याला फोन करून नको सांगितलं. परवान्यावर नोंद कशी करायची ते दोघांनी टेबलावर बसून पाहिलं, आणि बाईंनी क्लबच्या सेक्रेटरीला टीमसाठी होकार कळवला.

दोघं गाडीपाशी आले. बंदूक डिकीत ठेवताना रघुवीररावांनी हळूच विचारलं, "मधू, मग पुढच्या वर्षी हिची पूजा करायची की नाही?"

मधुमतीबाईंनी डिकी लावली, कुलूप ओढून पाहिलं आणि म्हणाल्या, "करायची तर! पण फक्त एक झेंडूचं फूल वाहा, आणि तेही अख्खं."