बक्षिसाच्या कादंबरीतली मावशी

माझ्या मावशीच्या यजमानांइतकं कादंबरीच्या बक्षिसाचं ज्ञान अख्ख्या देशात कुणाला नसेल, आणि त्या ज्ञानापायी स्वतःच्याच कादंबरीचं इतकं मातेरंही कुणी केलं नसेल. काका नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी. एरवी अस्सल अहिराणी बोलणार. पण देशातल्या त्या मोठ्या बक्षिसाचा विषय निघाला की थेट शाळेतलं शुद्ध मराठी सुरू! “लेखकाने पुस्तक पाठवायचं नसतं, प्रकाशकानेच पाठवायचं. पुस्तक त्याच वर्षातलं हवं. भाषांतर असलं तरी चालतं. परीक्षक आधी लांब यादी काढतात, मग आखूड, मग एकच नाव.” समोर रिक्षावाला असो की जावई, सुटका नाही. मुलासाठी मुली बघायला निघाले तेव्हाही त्यांनी आधी लांब यादी केली, मग आखूड. एका मुलीने स्वतःच फोन केला, तर म्हणाले, “प्रवेशिका वडिलांमार्फत आली पाहिजे.” मावशीने कपाळावर हात मारला. ती मुलगी मात्र सून झाली, आणि गुणाची निघाली.

काकांनी स्वतः कादंबरी लिहिली होती, आणि चांगली लिहिली असणार, कारण माणूस गोष्ट सांगायला बसला की वाळवणाच्या पथारीवर मिरच्यांची देठं खुडणाऱ्या बायांचे हात थांबायचे. पण ती पुरी म्हणून कधी होईना. दरवर्षी परीक्षक बदलतात ना! यंदा एक कवयित्री आहेत असं कळलं, की काका कादंबरी निम्मी करायचे, “त्यांना पातळ पुस्तक आवडेल.” पुढच्या वर्षी इतिहासाचे प्राध्यापक आले, की सुरत-भुसावळ रेल्वेचा सगळा इतिहास आत कोंबायचे. तोवर मुदत संपायची, नवे परीक्षक यायचे, आणि रेल्वे पुन्हा बाहेर. अहो, परीक्षकांना पत्ताही नव्हता की नंदुरबारात त्यांच्यापायी एक कादंबरी अशी फुगते आणि सुकते आहे!

मावशीला बक्षिसाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त कादंबरी ऐकायची होती. “मले एकदाव तं वाची दखाडा,” ती म्हणायची. काका म्हणायचे, “पुरी होऊ दे. अर्धवट कृती परीक्षकांपुढेही ठेवत नाहीत.” मी त्यांच्याशी भांडलोसुद्धा. त्यांनी हसून मलाच आखूड यादीचे नियम ऐकवले. असा राग यायचा!

मावशीचं दुखणं बळावलं, दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा कुठे काका कागदांचा गठ्ठा घेऊन तिच्या खाटेशी बसले. दोन दिवस वाचलं. मावशीने सगळं ऐकलं आणि विचारलं, “यामा मी कोठे शे?” म्हसावदला तिला पहिल्यांदा पाहिलं तो सबंध भाग काकांनी पातळ पुस्तकाच्या वर्षी काढून फेकून दिला होता. त्यांचा चेहरा मला बघवेना. शेवटी गठ्ठा बाजूला ठेवून ते म्हणाले, “तोंडीच सांगस.” मी चहा आणायच्या निमित्ताने उठलो. परत आलो तेव्हा मावशी डोळे पुसत हसत होती. “भारी व्हतं,” मला म्हणाली, “याले बक्षीस देवाले जोयजे.”

ती गेली त्याला आता वर्ष होईल. यंदाची यादी लागली, मी मुद्दाम फोनवर दाखवली, तर काकांनी बघितलीसुद्धा नाही. म्हसावदचं तेवढं एक प्रकरण लिहायला रोज बसतात आणि रोज फाडतात. त्या दिवशी सांगितलं तसं येत नाही म्हणतात. नियम ऐकवणारे काका बरे होते, असं मला आता वाटतं. परवा दुकानात माझा हात धरून त्यांनी विचारलं, “तू तं तठेच व्हता ना रे? मी तिले काय सांगं व्हतं?”

मी चहा आणायला गेलो होतो.