उतरायचं राहून गेलं

सून स्की शिकायला काश्मीरला निघाली होती. मुलगाही बरोबर. तेवढे आठ दिवस मला पालघरला नणंदेकडे ठेवायचं ठरलं. तिच्याकडे पाणीसुद्धा विचारून प्यावं लागतं. मी नाय म्हटलं.

मुलगा म्हणाला, "लिफ्ट बंद पडली तर? चार मजले न थांबता चढून दाखव, मग राहा एकटी."

पायांत ताकद यावी म्हणून सून महिनाभर आमच्या सरावलीच्या इमारतीचा जिना चढत होती. दोन मजले धावायची, मग कठडा धरून धापा टाकायची. मी मागून हळूहळू येऊन तिच्या पुढे जायचे.

"आई, तुम्ही दमत कशा नाही?"

"तू पाटी कुठं वाहिलीस?"

शिरगावहून मासळीची पाटी मी डोक्यावरून बाजारात न्यायचे. वाटेत उतरवली तर परत डोक्यावर द्यायला कुणी नसे. म्हणून पहिल्या पावलापासूनच बेताची चाल धरायची. सुनेलाही तीच शिकवली.

खाली मात्र आम्ही दोघी लिफ्टने यायचो. आमच्या धंद्यात परतताना पाटी रिकामी, त्या वाटेचा विचार कुणी करत नाही.

मी चढून दाखवलं. मुलाने किल्ली दिली आणि दोघं गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळीच वीज गेली. घरात मासळी नव्हती. किल्ली कमरेला खोचून जिना उतरायला लागले. एका मजल्यात मांड्या लटपटल्या, गुडघा धरेना. पायरीवर बसले. मग वळून वर चढले, न थांबता. तेवढंच येत होतं.

दुपारी सुनेचा फोन आला. "आई, चढाला काही वाटत नाही. खाली येताना मांड्या पेटतात. बाकीचे उतारावर आहेत, मी हॉटेलात बसलेय."

"मीपण वरच बसलेय. त्याला सांगू नको." सांगितलं असतं तर तासाभरात नणंद दारात आली असती.

वीज आलीच नव्हती. संध्याकाळी खाली मासळीवाली ओरडली. मी गॅलरीतून हाक मारली, "वर ये गो!"

"तूच खाली ये, मावशे! पाटी भरलेली हाय. चार मजले चढून तुझ्या दारात उतरवली, तर डोक्यावर परत कोण देईल? तू?"

बरोबर बोलली. मी लोणच्याशी भाकरी खाल्ली.