बिनशेंदराची कडी

संस्थानची फौज मोडून हिंदुस्थानच्या फौजेत मिळवली, तेव्हा मी मुरारच्या छावणीत एम.टी. प्लाटूनमध्ये लान्स नाईक होतो. एम.टी. म्हणजे मोटर ट्रान्सपोर्ट. फौज म्हटलं की लोकांना बंदूक आठवते. आम्ही पाणी, राशन आणि तंबू ओढत होतो. पुढे लॉरी, मागे ट्रेलर, त्यामागे धूळ, एवढंच आमचं शौर्य. हसू नका. याच कामात माझा माणूस गेला. तो कसा गेला हे आज लिहितोय, कारण गल्लीतल्या संजयने माझं डोकं फिरवलं.

मी आता किला गेटजवळ राहतो. संजयचा ट्रॅक्टर आहे, ट्रॉलीतून विटा आणि रेती वाहतो. यंदा खंडेनवमीला ट्रॉली दारात उभी करून म्हणाला, काका, टिळा लावा. मी वाकून पाहिलं. ट्रॉलीच्या कडीत पिनऐवजी वाकवलेला सरिया, बांधकामाची सळई, घातलेली. खाली साखळी नाही. मी तबक घेऊन सरळ घरात जायला निघालो.

"काका, तीन साल से यही लगा है," तो म्हणाला. "काही होत नाही."

काही होत नाही. हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी त्याला गल्लीसमोर नको ते बोललो. तो फुरंगटून ट्रॉली घेऊन गेला. बायको म्हणाली, सणासुदीचं तरी तोंड आवरा. नाही आवरलं. का नाही, ते सांगतो.

संस्थानी फौजेत आमचे वरिष्ठ होते जमादार बाबूराव कदम. माणूस कामाला पक्का, पण अहंकार केवढा, विचारू नका. त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. खंडेनवमीच्या आधी सगळे ट्रेलर लॉऱ्यांपासून सोडवायचे. प्रत्येक ट्रेलरच्या दांड्याची कडी रॉकेलने धुवायची. मग जमादार आपली खाच पाडलेली लोखंडी पट्टी घेऊन बसत. कडी आतल्या बाजूने झिजते, कारण ओढ तिथेच बसते, आणि हुकात अडकलेली असताना ती झीज दिसत नाही. पट्टी कडीवर घालून बघत. कडी जाड आहे, हुकाचं तोंड घट्ट मिटतंय, हुकाला पिन आहे, साखळ्या धड आहेत, असं असेल तर हुकाला एक बोट शेंदूर आणि त्याच्या कडीला एक बोट. ती जोडी वर्षभर मोडायची नाही. तेलात कालवलेला शेंदूर लोखंडाला चिकटून राहतो, पावसातही जात नाही. जी कडी झिजलेली, तिला शेंदूर नाही. तो ट्रेलर शेडमागे उभा. दुरुस्ती होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नसे.

बाहेरच्याला ती पूजा दिसायची. आम्हाला ठाऊक होतं की ती तपासणी आहे.

त्या वर्षी एक पाण्याचा ट्रेलर बिनशेंदराचा राहिला. त्याची कडी करून यायची होती. तेवढ्यात विलीनीकरणाचा हुकूम आला. टोप्या बदलल्या, बिल्ले बदलले, नंबर बदलले. आमच्या निम्म्या लॉऱ्या दुसरीकडे गेल्या आणि वेगळ्या बनावटीच्या नव्या लॉऱ्या आल्या. ट्रेलर मात्र जुनेच. एका संस्थानी दौलतीच्या वाटण्या व्हाव्यात तशा जोड्या फोडल्या, आणि कुणाचा हुक कुणाच्या कडीला बसतो हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

नवे कॅप्टन साहेब बाहेरच्या युनिटमधून आले. वय कमी, आवाज मोठा. पहिल्याच फेरीत हुकावरचा शेंदूर बघून त्यांनी जमादारांना विचारलं, हे काय आहे. विचारलं, हे लक्षात ठेवा. त्या एका प्रश्नात सगळं वाचलं असतं.

जमादार ताठ उभे राहिले. "साहब, हमारी परंपरा है."

"अब यूनिट का एक ही निशान होगा," कॅप्टन म्हणाले. "सब पेंट करो. इन्स्पेक्शन है."

जमादारांनी सॅल्यूट ठोकला. सगळी वाहनं ऑलिव्ह ग्रीन झाली. हुक हिरवे, कड्या हिरव्या, साखळ्यासुद्धा हिरव्या. शेडमागचा ट्रेलरही ओढून आणला, रंगवला, नवा नंबर टाकला आणि रांगेत लावला. त्याच्या रंगाचा थर सगळ्यात ताजा, त्यामुळे तोच सगळ्यात देखणा दिसत होता.

नाईक गणपत साळुंखे माझा दोस्त. लष्कर नावाच्या शहरातल्या भागात, महाराज बाड्याच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. वडील रिसाल्यातून निवृत्त झालेले. चढणीवर ट्रेलरच्या मागे चालायचं आणि गरज पडली तर चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा, हे गणपतचं काम. ठोकळा त्याने स्वतः बाभळीचा घडवला होता आणि त्याला जावई म्हणायचा. सगळीकडे मानाने उचलून न्यावा लागतो, म्हणे, आणि कामाला येतो वर्षातून एकदा. नेमणुका बदलल्या तेव्हा दोन चाकांमागे दोन माणसं असायची तिथे एकच ठेवला. बचत झाली. गणपत म्हणाला, ठीक आहे, आता मला एकट्यालाच जावई सांभाळायचाय.

पण रंगकामानंतर तो अस्वस्थ होता. माझ्यादेखत त्याने जमादारांना गाठलं. रांगेतला तो ट्रेलर कुठला, तेवढं साहेबांच्या कानावर घाला, म्हणाला. टिळ्याचा अर्थ त्यांना सांगा.

जमादार म्हणाले, "जो माणूस आपली पूजा पुसतो, त्याला मी आपलं गुपित सांगू? होऊ दे त्यांची फजिती. मग येतील विचारत."

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. इतकी वर्षं झाली, अजून ते तसेच्या तसे आठवतात. एकाने विचारून ऐकलं नाही, दुसऱ्याने ठाऊक असून सांगितलं नाही. मधे आमची माणसं होती.

त्या महिन्यात किल्ल्यावर आमची एक तुकडी होती आणि वरचा पंप बिघडला होता. रोज सकाळी उरवाई गेटच्या चढावरून पाणी न्यायचं. तो रस्ता पाहिलाय ना तुम्ही? दोन्ही बाजूंना खडकाचा उभा कडा, मधे वळणावळणाचा चढ, पळायला जागा नाही. त्या दिवशी आम्ही रांगेत फॉल-इन झालो तेव्हा लॉरी ट्रेलर जोडूनच उभी होती. सगळे ट्रेलर हिरवे, नंबर नवे, कडी हुकात अडकलेली, त्यामुळे हा शेडमागचाच का, ते कळायला मार्ग नव्हता. ड्रायव्हर रामसेवक, भिंडचा, नवीन. नव्या लॉरीला साखळ्या अडकवायला कड्याच नव्हत्या, म्हणून ट्रेलरच्या साखळ्या दांड्याला गुंडाळून ठेवलेल्या. हुक जुन्या हुकापेक्षा उंच, त्यामुळे ट्रेलरचं नाक वर आणि टाकीतलं पाणी सगळं मागे रेललेलं. गणपतने ते बघून तोंड वाकडं केलं. रामसेवक म्हणाला, हुकूम है, भैया. आम्ही निघालो.

मी लॉरीत मागच्या फळीशी बसलो होतो, तोंड ट्रेलरकडे. गणपत ट्रेलरच्या मागे डाव्या बाजूने चालत होता, जावई खांद्यावर. त्याच्याही खाली, वळणावर, रस्तादुरुस्तीच्या मजूर बायका टोपल्या घेऊन चढत होत्या. एकीच्या कडेवर मूल होतं.

दुसऱ्या वळणानंतर रामसेवकने गिअर बदलला. हिसका बसला. कडी तुटली. आवाज फार मोठा नव्हता. दांडा रस्त्यावर आपटला आणि भरलेला ट्रेलर मागे सुटला.

मी ओरडलो, "गणपत, सोड."

त्याला बाजूला होता आलं असतं. कड्याला पाठ लावून उभा राहिला असता तर ट्रेलर त्याच्या समोरून गेला असता. त्याने खाली बायकांकडे पाहिलं आणि वाकून ठोकळा डाव्या चाकाखाली घातला. डावं चाक जागच्या जागी थांबलं. उजव्या चाकामागे माणूस नव्हता. ते फिरत राहिलं, ट्रेलर ठोकळ्याभोवती वळला आणि त्याच्या शेपटाने गणपतला कड्यावर दाबलं. तिथेच ट्रेलर थांबला. बायकांपैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मी उडी टाकून पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. जावई धरला का, एवढंच त्याने विचारलं. मी म्हणालो, धरला. हॉस्पिटलपर्यंत तो राहिला नाही.

तुटलेली कडी मी हातात घेऊन पाहिली. आतून अर्धी उरली होती. त्या झिजल्या खोबणीत हिरवा रंग भरला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी सगळं सांगितलं. शेंदूर, पट्टी, शेडमागचा ट्रेलर, एकही शब्द गाळला नाही. अध्यक्षांनी जमादारांना बोलावून विचारलं, ये सच है? टिळा नसलेला ट्रेलर निकामी समजला जायचा?

जमादार माझ्याकडे न बघता म्हणाले, "नहीं साहब. टीका सिर्फ पूजा के लिए था."

कॅप्टनने मान डोलावली. त्या दोघांचं तोवर एकाही गोष्टीवर जमलं नव्हतं. त्या दिवशी जमलं. मी त्या खोलीत विलीनीकरण पूर्ण होताना पाहिलं. निकाल लागला की हिसक्याने कडी तुटली, आणि नाईक साळुंखेने ठोकळा वेळेवर लावला नाही म्हणून प्राणहानी झाली. मेलेल्या माणसावर खापर फोडून सगळे मोकळे झाले. मी पुन्हा बोलायला उठलो तर मला बाहेर काढलं.

निकाल लष्कर भागात, गणपतच्या गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. गणपत गाफील राहिला, असं लोक बोलू लागले. त्याच्या वडिलांनी रिसाल्याच्या जुन्या सोबत्यांत जाऊन बसणं सोडलं. त्याची बायको, यमुना वहिनी, नळावर भल्या पहाटे जाऊन यायच्या, कुणी भेटू नये म्हणून.

मी सुट्टी घेऊन त्यांच्या घरी गेलो. ठोकळा मी त्या दिवशीच चाकाखालून काढून ठेवला होता. वजनाने तो उभा चिरला होता. दोन्ही तुकडे मी म्हाताऱ्यापुढे ठेवले आणि जे पाहिलं ते सांगितलं. वहिनी दारामागे उभ्या होत्या. म्हाताऱ्याने तुकडे जुळवले आणि चाकाचा वळ उमटला होता तिथे बोट फिरवलं.

"फुटला, पण सरकला नाही," ते म्हणाले. मग एक तुकडा माझ्याकडे सरकवला. "हा इथे राहील. तो तू ने. विचारेल त्याला सांगत जा."

जमादार पुढे मानाने निवृत्त झाले, हारतुरे झाले. मी गेलो नाही. कॅप्टन कुठे गेले ठाऊक नाही. माफ कर, असं मला पुष्कळांनी सांगितलं, पूजेला येणाऱ्या गुरुजींनीही सांगितलं. मी केलं नाही, करणारही नाही.

दसऱ्याला सकाळी संजय परत आला, ट्रॉली घेऊन. चेहरा अजून फुगलेला. मी वाकलो. कडीच्या मापाची नवी पिन होती, पिनला खालून क्लिप होती. दोन साखळ्या दांड्याखालून फुली करून बांधल्या होत्या, म्हणजे दांडा सुटलाच तर जमिनीवर न पडता त्यांच्यात झेलला जाईल. विटा पुढच्या बाजूला थोड्या जास्त लावल्या होत्या. मी कडी सोडवायला लावली, आतून अंगठा फिरवून पाहिला, मग एक बोट शेंदूर पिनला लावला आणि एक बोट कडीला.

तबक घेऊन तो माझ्यामागे देवघरात आला. तिथे आजोबांची तलवार मांडली होती. तिच्याशेजारी चिरलेल्या बाभळीचा तुकडा होता. त्यालाही मी टिळा लावला.

"काका, ये लकड़ी किसकी है?" त्याने विचारलं.

"नाईक गणपत साळुंखे," मी म्हणालो. "वेळेवर लावला होता."